गालिचा उलटून पाहावा

वाचकहो, धान्याचे पोते रिकामे झाले की आपल्या घरी त्याचे काय होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. एखादे दारात पाय पुसायला पडते, एखादे थंडीत वासराच्या पाठीवर जाते, आणि पाऊस अचानक आला तर एखाद्याची खोळ होऊन ते डोक्यावर चढते. हल्ली प्लॅस्टिकची पोती आली. तरी तागाच्या गोणपाटाचा तो खरखरीत स्पर्श आणि धुळकट वास आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा आहे. याच गोणपाटावर एका दूरच्या मुलखातल्या कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या बायकांनी गुलाब फुलवले, हरणे पळवली, जहाजे तरंगवली. आज तुम्हाला त्या मुलखात घेऊन जाते.

मुलूख आहे कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा, नोव्हा स्कोशिया प्रांताचा. लग्न होऊन मी इथल्या हॅलिफॅक्स शहरात आले, त्याला तीस वर्षे होऊन गेली. पहिल्याच हिवाळ्यात खिडकीबाहेरचा बर्फ पाहून पाहून जीव विटला, तेव्हा शेजारीण मला चर्चच्या तळघरात भरणाऱ्या बायकांच्या मंडळात घेऊन गेली. तिथे कोणीतरी माझ्या हातात लाकडी मुठीचा एक लहान हूक दिला. क्रोशाच्या सुईचा थोरला भाऊच म्हणा ना! तो हातातून अजून सुटलेला नाही.

काम दिसायला अगदी सोपे. लाकडी चौकटीवर गोणपाट ताणून बसवायचे. जुन्या लोकरी कोटाच्या, घोंगडीच्या, स्कर्टच्या अरुंद पट्ट्या कापायच्या. डाव्या हाताने पट्टी गोणपाटाच्या खाली धरायची. उजव्या हातातला हूक वरून छिद्रात घालायचा आणि पट्टीचा इवलासा फास वर ओढून घ्यायचा. पुन्हा पुढच्या छिद्रात तसेच. गाठ नाही, शिलाई नाही. मग फास सुटत कसे नाहीत? तर गच्च भरलेल्या एस.टी.त उभी माणसे पडत नाहीत ना, तसेच! एकाला एक खेटून बसले की सगळेच जागच्या जागी राहतात. मात्र एक फास ओढला गेला, की शेजारचेही ढिले होऊ लागतात.

या कामाने इथल्या किनाऱ्यावर आणि शेजारच्या अमेरिकेतल्या मेन वगैरे प्रांतांत मूळ धरले ते साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. त्याचे मोठे कारण आपल्याकडचे आहे, बरे का! बंगालचा ताग स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या गिरण्यांत जाऊ लागला होता. पुढे 1855 साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे ताग कातण्याची गिरणी निघाली. तागाचे कापड स्वस्त झाले आणि जगभर धान्य, साखर, कॉफी तागाच्या पोत्यांतून फिरू लागली. या किनाऱ्यावरच्या बायकांना रिकामे पोते फुकट मिळू लागले. ते उसवून, धुऊन, ताणले की गालिच्याचा पाया तयार. इंग्रजीत पोत्याला ‘गनी’ म्हणतात, तो शब्दसुद्धा आपल्या ‘गोणी’वरूनच गेलेला. पहिल्यांदा हे कळले तेव्हा त्या तळघरात मला एकदम माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

शेटिकँपची वाट

या गालिच्यांचे गाव पाहायचे तर शेटिकँपला जावे. हॅलिफॅक्सहून मोटारीने पाच तासांची वाट. कॅन्सोच्या सामुद्रधुनीवर 1955 साली बांधलेला दगडी बांध ओलांडला की केप ब्रेटन बेट लागते. मग डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला डोंगर धरून उत्तरेला जात राहायचे. गाव लांबट, रस्त्याच्या कडेकडेने वसलेले. मधोमध सेंट पीटरचे मोठे दगडी चर्च, त्याचा मनोरा लांबूनच दिसतो. डोंगरावरून कधी कधी असा वारा सुटतो, की छपरे उडतील असे वाटते. त्या वाऱ्याला गावकऱ्यांनी खास नाव ठेवले आहे, ‘सुएत’.

गावची माणसे फ्रेंच बोलणारी. त्यांना अकेडियन म्हणतात. 1755 पासून इंग्रजांनी या लोकांना त्यांच्या सुपीक जमिनींवरून हुसकून लावले होते. पांगलेल्यांपैकी काही कुटुंबे पुढे या कोपऱ्यात येऊन मासेमारीवर जगू लागली. उन्हाळ्यात समुद्र आणि थोडी शेती, हिवाळ्यात सक्तीची विश्रांती. या विश्रांतीत बायका चौकट मांडून बसत.

1927 साली या गावात लिलियन बर्क नावाच्या अमेरिकन चित्रकर्तीने मोठे काम उभे केले. टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे घर याच बेटावर बॅडेक येथे होते. त्या कुटुंबाशी बाईंचा स्नेह. त्यांनी चिंध्यांऐवजी बारीक लोकरी सूत वापरायला लावले, भडक रंगांऐवजी सौम्य रंग दिले, स्वतः नक्षी काढून दिली आणि न्यूयॉर्कच्या धनिकांच्या दिवाणखान्यांसाठी मोठमोठे गालिचे करवून घेतले. एकेका गालिच्याभोवती कितीतरी बायका बसत. मंदीच्या त्या दिवसांत घरात रोख पैसा आला.

पण पुढे बायकांना प्रश्न पडू लागला. आपल्या हाती पडते किती, आणि न्यूयॉर्कला गालिचा विकला जातो कितीला? 1930 च्या दशकात काही जणी बाईंपासून वेगळ्या झाल्या आणि आपला माल आपणच विकू लागल्या. त्या काळी नोव्हा स्कोशियात सहकाराचे वारे वाहत होते. अँटिगोनिश येथून निघालेल्या चळवळीने कोळ्यांना नि शेतकऱ्यांना पतपेढ्या आणि सहकारी संस्था काढायला शिकवले होते. सहकार म्हणजे काय, हे आपल्या साखर-दुधाच्या मुलखात मी कशाला समजावून सांगू! एवढे मात्र म्हणते, की बर्कबाईंनी हाताला वळण दिले हे खरे, आणि बायकांनी हिशेब विचारला हेही योग्यच झाले.

गावातल्या ‘ले त्र्वा पिन्यों’ या संग्रहालयात एलिझाबेथ लफोर यांची कामे पाहायला मिळतात. या बाई 1914 साली इथल्याच एका वाडीत जन्मल्या आणि 2005 साली वारल्या. साध्या हुकाने त्यांनी माणसांचे चेहरे काढले. व्हाइट हाउस, बकिंगहॅम राजवाडा आणि व्हॅटिकनपर्यंत त्यांचे काम पोचले. मी त्या चित्रांपुढे उभी राहिले तेव्हा इतर पाहुणे चेहऱ्याकडे पाहत होते, आणि मी गालावरच्या सावलीसाठी सुताच्या किती छटा लागल्या असतील, ते मोजत होते. हा धंदा करणाऱ्याची नजर अशी बिघडते!

चकचकीत फरशी आणि जुने गालिचे

मग जुने गालिचे गेले कुठे? विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत अमेरिकेतल्या शौकिनांना त्यांचे वेड लागले. फेरीवाले गावोगाव फिरू लागले. त्यांच्या गाडीत लिनोलियमच्या गुंडाळ्या असत. लिनोलियम म्हणजे मेणकापडासारखे जमिनीवर पसरायचे जाड, रंगीत आच्छादन. ओल्या फडक्याने पुसले की स्वच्छ. चिंध्यांचा जुना गालिचा द्या आणि नवे चकचकीत लिनोलियम घ्या, असा सौदा. कोणती गृहिणी नाही म्हणेल?

भगिनींनो, मला लगेच आपली बोहारीण आठवली. आजीचे जरीचे लुगडे देऊन स्टीलचे पातेले घेतलेली घरे आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. त्या घरांना हसायचे नाही. पातेल्याची गरज खरी होती. पण वस्तू गेली तेव्हा तिच्याबरोबर ती कोणी केली हेही गेले. आज मोठ्या संग्रहालयांत असे शेकडो गालिचे आहेत, ज्यांच्याखाली चिठ्ठीवर एवढेच लिहिलेले असते : ‘करणारी अज्ञात.’

माझ्या हातून घडलेले पाप

मी स्वतः जुने गालिचे घेऊ लागले, त्याची सुरुवात मात्र वाईट झाली. एका शेतघराच्या लिलावात मला काळ्या किनारीचा, मधे करड्या मांजरीचा एक गालिचा मिळाला. घरी आणला, अंगणात नेला आणि आपण सतरंजी झटकतो तसा दोन्ही हातांनी धरून जोरात झटकला. चर्र असा आवाज झाला. मांजरीच्या पाठीतून वीतभर चीर गेली. वरची लोकर शाबूत होती, पण खालचे गोणपाट वयाने कुरकुरीत झाले होते, वाळलेल्या पाचटासारखे. जी वस्तू कितीतरी हिवाळे टिकली, ती मी एका झटक्यात फाडली.

त्या दिवसापासून जे शिकले ते तुम्हाला सांगते. जुना गालिचा हाती आला तर आधी उलटून पाहावा. सुलट बाजू उन्हाने आणि पायांनी विटलेली असते. उलट्या बाजूला मूळ रंग जिवंत असतात. एकदा एका मातकट फुलामागे मला डाळिंबी रंग सापडला होता. पाया पाहावा. तागाचे गोणपाट असेल, तर काम बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे. पाया बोटाने हलकेच दाबून पाहावा. भुगा पडला तर घडी घालू नये, झटकू नये, धुऊ नये. ठेवायचा तर फासांची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळावा. फाटल्या जागी डिंक किंवा रबरी लेप कधी लावू नये. मागून नवे कापड देऊन सुईने सावकाश सांधावे. ज्यांचा पाया अजून मजबूत आहे, असे गालिचे इथले लोक कडाक्याच्या थंडीत कोरड्या बर्फावर पालथे घालून हलक्या हाताने झाडतात. उचलले की बर्फावर धुळीचा चौकोन उमटलेला दिसतो!

मग नक्षी पाहावी. ती छापील आहे की घरची? मेन प्रांतातल्या बिडफर्ड गावी एडवर्ड फ्रॉस्ट नावाचा पत्र्याची भांडी विकणारा फेरीवाला होता. बायकोला गालिच्यासाठी त्याने नक्षी काढून दिली, शेजारणी मागू लागल्या, तेव्हा 1868 च्या सुमारास त्याने पत्रा कापून छाप तयार केले आणि गोणपाटावर नक्षी छापून विकू लागला. 1876 मध्ये त्याने धंदा विकला. त्याचे छाप आज मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहेत. छापाचा गालिचा हलका समजू नये. छापात सिंह होता, पण बाईने त्याला आपल्या घरच्या बोक्याचे डोळे दिले, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत. नक्षी कोणाचीही असो, रंग निवडणारी आणि चिंधी कापणारी ती होती.

रेशमी मोज्यांचा गाव

एका उन्हाळ्यात आम्ही आणखी उत्तरेला गेलो. नॉर्थ सिडनीच्या बंदरात मोटारीसकट बोटीत चढलो, सातेक तासांनी न्यूफाउंडलंड बेटावर उतरलो आणि पुढे सुमारे सातशे किलोमीटर खडक, खुरटी झाडे आणि समुद्र पाहत बेटाच्या उत्तर टोकाला सेंट अँथनीला पोचलो. जून महिना असूनही खाडीबाहेर हिमनग तरंगत होता.

विल्फ्रेड ग्रेनफेल नावाचे इंग्रज डॉक्टर 1892 साली या किनाऱ्यावर आले. कोळ्यांची गरिबी आणि आजार पाहून त्यांनी इथे दवाखाने काढले. औषध दिले तरी घरात अन्न नसेल तर माणूस बरा कसा होणार? म्हणून घरबसल्या कामाची जोड द्यायचे ठरले. 1906 मध्ये जेसी ल्यूथर या हस्तकला-शिक्षिका सेंट अँथनीला आल्या. इथल्या बायका फेब्रुवारी-मार्चमध्ये गालिचे करतच होत्या. गोणपाटाला त्या ‘ब्रिन’ म्हणत. तीच कला धरून डॉक्टरांच्या मिशनने कुत्र्यांच्या गाड्या, पांढरी अस्वले, उडते हंस, होड्या अशा नक्ष्या दिल्या. शहरातल्या स्त्रियांना आवाहन केले की तुमचे फाटके रेशमी मोजे आम्हाला पाठवा. पोतीच्या पोती मोजे आले. ते रंगवून, बारीक कापून बायकांनी आडव्या सरळ ओळींत असे घट्ट फास भरले, की चौकोनी इंचात दोनशेपर्यंत बसावेत.

तिथल्या संग्रहालयात एक छोटी बर्फाळ खाडी पाहत मी बराच वेळ उभी होते. आभाळाचा फिका गुलाबी रंग कोणाच्या तरी नाचाच्या रात्री फाटलेल्या मोज्याचा असेल. तो ओढणारीने मात्र तसला मोजा स्वतः कधी घातला नसेल. या गालिच्यांच्या मागे मिशनची कापडी चिठ्ठी शिवलेली असते. त्यामुळे ते कुठले हे आज ओळखता येते. पण चिठ्ठीवर मिशनचे नाव आहे, बाईचे बहुधा नसते.

चाळीस डॉलरचे हरीण

आता शेवटची गोष्ट, आणि तीच सांगण्यासाठी एवढी वाट चालले.

हॅलिफॅक्सच्या दक्षिणेला किनाऱ्यावर कोळ्यांची लहान लहान गावे आहेत. तिथल्या एका आजींनी मला बोलावून घेतले. वय नव्वदीच्या घरातले, घर विकायला काढलेले. मागच्या दारात, ओल्या बुटांखाली, एक गालिचा पडला होता. मी वाकून पाहिले आणि श्वासच अडकला. निळसर बर्फातून मान वळवून मागे पाहणारे हरीण. छापातले नव्हे, असे हरीण ज्याने खरेच परसात पाहिले असेल त्याचे.

“हवे तर घेऊन जा,” आजी म्हणाल्या. “चाळीस डॉलर दे. मला आता धुता येईल असले पायपुसणे आणायचे आहे.”

वाचकहो, खोटे कशाला बोलू? हात पर्समध्ये गेला होता. चाळीस डॉलर त्यांनीच मागितले होते. मी फसवत नव्हते. पण डोळ्यांपुढे ती लिनोलियमची गाडी आली, आणि आमच्या ओट्यावर बसलेली बोहारीणही आली. गाडीवाल्यापेक्षा मी वेगळी ती कशाने? त्याला गालिच्याची किंमत माहीत होती, बाईला नव्हती. इथेही तसेच होते.

मी हात बाहेर काढला. म्हटले, “आजी, शहरातला दुकानदार याचे तुम्हाला याच्या कितीतरी पट देईल. आणि याच्यावर ओले बूट ठेवू नका.”

आजींना हसू आले. “आईचे ते हरीण? तिने तर ते दारासाठीच केले होते!”

“आईचे नाव काय?” मी विचारले.

त्यांनी सांगितले. मग खुर्ची ओढून बसल्या आणि काठीच्या टोकाने दाखवू लागल्या. हा करडा रंग वडिलांच्या लोकरी आतल्या कपड्यांचा. ट्रुरो गावच्या स्टॅनफिल्ड कारखान्याचे ते कपडे इथल्या प्रत्येक कोळ्याच्या अंगात असत. हा तांबडा भावाच्या मफलरीचा. बर्फाचा निळा मात्र पांढऱ्या घोंगडीला नीळ देऊन आणलेला, आणि त्या दिवशी आईचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. पाऊण तास त्या बोलत होत्या. असे आपल्याला कोणी कधी विचारलेच नव्हते, असे त्या दोनदा म्हणाल्या.

तो गालिचा मला मिळाला नाही. आजींनी विकायचा बेत सोडला आणि हिवाळ्यात तो माझ्याकडे दुरुस्तीला पाठवला. एका खुराशी पाया विरला होता. मी मागून कापड दिले आणि जुन्या लोकरीच्या पट्टीने ती जागा भरली. माझे फास त्या माउलीच्या फासांइतके सारखे आले नाहीत. उलटून पाहिले तर कोणालाही ओळखू येतील. मग पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर त्या आईचे नाव, गावाचे नाव आणि आजींनी सांगितलेले सारे रंग न पुसणाऱ्या शाईने लिहिले आणि तो तुकडा मागे शिवला. आता ते हरीण आजींच्या नातीच्या घरी भिंतीवर आहे. खिळे ठोकून नव्हे, मागे कापडी नेफा शिवून त्यात दांडी घालून टांगले आहे.

माझ्याकडे आज अकरा जुने गालिचे आहेत. त्यांतल्या दोघांच्याच करणाऱ्यांची नावे मला ठाऊक आहेत. बाकीच्या नऊ जणींच्या हाताचा वेग, त्यांची घट्ट किंवा सैल ओढ, कुठे पट्टी संपली म्हणून त्यांनी रंग बदलला, हे सगळे मला वाचता येते. नाव तेवढे वाचता येत नाही. ती फाटकी मांजरही मी सांधून ठेवली आहे, चीर मुद्दाम दिसेल अशी.

तुमच्या घरी गालिचा नसेल, पण पेटीच्या तळाशी एखादी गोधडी असेल. कोणाचे लुगडे, कोणाचे धोतर, कोणाच्या बाळंतपणाला शिवलेली, हे सांगणारे माणूस घरात अजून असेल तर आज संध्याकाळीच त्याच्याजवळ बसा. ती गोधडी उलटून पाहा आणि विचारा. मग बोटभर कापडावर ते नाव लिहून कोपऱ्यात चार टाके घाला.